कचरा डेपोविरोधी आंदोलनात सफाई कामगारांच्या युनियननं उतरावं का? उतरायचं तर कसं?

घंटागाडी_संघटक (प्रश्न)

नगरपरिषदेकडे कंत्राटावर असलेल्या सफाई कामगारांची नोंदणीकृत युनियन. सभासद ३८०, वर्गणी महिना ३० रुपये. शहराचा रोजचा साधारण ४० टन कचरा शेजारच्या गावाच्या हद्दीतल्या डेपोवर पडतो. गावातल्या विहिरींना काळं पाणी लागलंय, उन्हाळ्यात ढीग पेटतात. ग्रामस्थांच्या कृती समितीनं ‘डेपो हटवा’ आंदोलन सुरू केलंय आणि युनियनकडे तीन गोष्टी मागितल्यात: पाठिंब्याचं पत्र, ५० हजार रुपये आणि एक दिवसाचा संप.

कार्यकारिणीत दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, गावकऱ्यांचं दुखणं खरं आहे आणि कामगार चळवळ नेहमीच समाजाबरोबर राहिली आहे. काहींचं म्हणणं, डेपो बंद झाला तर आपलीच हजेरी कापली जाणार. शिवाय गाड्या अडवल्या की मार खातात ते चालक आणि बिगारी. सभासदांतले बहुसंख्य दलित आहेत, कृती समितीत बागायतदार जास्त. याविषयी उघड कोणी बोलत नाही, पण अडखळायला होतं ते तिथंच.

पैसे कायद्यानं देता येतात का? संप करता येतो का? आणि अशा युतीत युनियन फसते कुठं?

---

खतावणी

पैशाचं आधी सांगतो, कारण युनियन अडचणीत येते ती बहुतेक वेळा इथूनच.

युनियनचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा याची यादी १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात कलम १५ मध्ये होती: कारभार, कोर्टकचेरी, औद्योगिक तंटे, सभासदांचं आजारपण, मृत्यू, बेकारी, शिक्षण वगैरे. एकूण कामगारवर्गाच्या भल्याच्या एखाद्या कामाला मदत करायचीही मुभा होती, पण मर्यादेत. वर्षारंभीची शिल्लक आणि त्या वर्षात तोवर आलेलं उत्पन्न यांच्या बेरजेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. नागरी आणि राजकीय कामासाठी कलम १६ चा वेगळा निधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. सर्वसाधारण निधी वेगळा आणि नागरी-राजकीय निधी वेगळा, ही विभागणी तिच्यातही कायम आहे. फक्त खर्चाच्या बाबी आता नियमांवर सोपवल्या आहेत. त्यामुळे राज्याचे नियम आणि आपल्या युनियनची घटना, दोन्ही समोर ठेवूनच ठराव लिहा.

गावच्या विहिरींचा प्रश्न नागरी हिताचा. तो वेगळ्या निधीतच जातो. या निधीचे नियम साधे आहेत आणि कडक आहेत. वर्गणी ऐच्छिक. न देणाऱ्याला युनियनचा कुठलाही लाभ नाकारता येत नाही, आणि सभासदत्वासाठी ही वर्गणी अट म्हणून घालता येत नाही.

करायचं ते असं:

सर्वसाधारण सभेत निधी स्थापन करण्याचा ठराव. त्यात सभासदांचं हित शब्दांत आलं पाहिजे. ‘ग्रामस्थांना पाठिंबा’ एवढ्यानं भागत नाही. ‘डेपोवर काम करणाऱ्या सभासदांच्या आरोग्यासाठी व रोजगाराच्या सुरक्षेसाठी कचरा प्रक्रियेची मागणी करणे’ असं लिहा, कारण हा निधी सभासदांच्या नागरी हितासाठी आहे.

बँकेत वेगळं खातं, वेगळ्या रंगाचं पावती पुस्तक, वेगळी खतावणी. पगारातून जी वर्गणी कापून येते तिच्यात ही ऐच्छिक वर्गणी मिसळली की संपलं. एका नाराज सभासदाचा एक अर्ज निबंधकाकडे गेला तर अख्ख्या वर्षाचे हिशेब उघडावे लागतात.

आता आकडे. ३८० गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ११,४०० रुपये, तेही सगळे वेळेवर आले तर. मागितलेले ५० हजार म्हणजे चार महिन्यांच्या वर्गणीपेक्षा जास्त. ऐच्छिक १० रुपये ठेवलेत आणि २५० जणांनी दिले तर महिन्याला २,५०० जमतील, ५० हजार व्हायला वीस महिने लागतील. तेव्हा रोख रकमेचं वचन देऊच नका. पाणी तपासणीची फी, माहिती अधिकाराच्या अर्जांचा आणि झेरॉक्सचा खर्च, सभेचा लाउडस्पीकर असा नेमका खर्च उचला आणि बिल युनियनच्या नावानं घ्या. दुसऱ्या समितीच्या हातात दिलेल्या रोख रकमेचा हिशेब तुमच्या वार्षिक विवरणात तुम्हालाच द्यावा लागतो, आणि त्या समितीची नोंदणी नसेल तर पावतीही धड मिळत नाही.

---

दुसरी_पाळी

संपाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: या टप्प्यावर करू नका.

संहितेनुसार नोटिशीशिवाय कुठल्याच औद्योगिक आस्थापनेत संप करता येत नाही. नोटीस दिल्यावर पहिले १४ दिवस संप नाही, आणि एक नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते. समेटाची कार्यवाही सुरू असेल तर तेवढा काळही संप बेकायदा. ‘सगळ्यांनी मिळून किरकोळ रजा टाकू’ ही जुनी वाटही बंद झाली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर कायद्याच्या लेखी तो संपच.

दुसरं, पगार. दहा किंवा जास्त कामगार संगनमतानं, नोटीस न देता, सबळ कारण नसताना गैरहजर राहिले आणि नेमणुकीच्या अटींत नोटिशीची तरतूद असेल, तर गैरहजेरीच्या दिवसाशिवाय आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि वेतन संहितेतही आहे. हातावर पोट असलेल्या कामगाराचा एका दिवसाच्या पाठिंब्यापायी नऊ दिवसांचा पगार गेला तर पुढच्या सभेला तो येणार नाही. त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

तिसरं म्हणजे संप नेमका कुणाविरुद्ध? तंटा हा मालक आणि कामगार यांच्यातला, कामाच्या अटींबद्दलचा असावा लागतो. ‘डेपो हटवा’ ही कंत्राटदारानं मान्य करण्यासारखी मागणीच नाही. हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, डेपोवर धुण्यासाठी पाणी, वर्गीकरण न झालेला कचरा हातानं न उपसण्याचा हक्क, या मागण्या तंट्यात बसतात आणि त्याच आंदोलनाशी थेट जोडलेल्या आहेत. मागणीपत्रक याच मागण्यांचं द्या.

पाठिंबा दाखवायला संपाशिवाय पुष्कळ मार्ग आहेत. पाळी सुटल्यावर हजेरी कोठीसमोर द्वारसभा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मोर्चात स्वतःच्या फलकाखाली तुकडी, नगरपरिषदेच्या सभेच्या दिवशी शिष्टमंडळ. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, हे उदाहरण अशा चर्चेत हमखास निघतं. पण तो उद्रेक उत्स्फूर्त होता, तेव्हा नोंदणीकृत युनियनच नव्हती. तुमची नोंदणी आहे, गमावण्यासारखं बरंच काही आहे.

---

जुनी_चाळ

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. पण प्रश्नाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात जे अडखळणं लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बागायतदार गावकरी आणि दलित सफाई कामगार यांची युती होताना जात बाजूला ठेवू म्हणून ती बाजूला राहत नाही.

१९२८ चा मुंबईचा गिरणी संप घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पण विणकाम खात्यात, जिथं मजुरी जास्त होती, अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत. कारण मागाच्या धोट्यात नवी कांडी बसवली की धागा छिद्रातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण विणकरांना तो ‘विटाळ’ वाटे. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या रिंग (सूतकताई) खात्यात अडकून राहिले. ही बंदी मालकांनी लादलेली नव्हती, बरोबरचे कामगारच ती पाळत होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला: आमच्या माणसांना सगळी खाती खुली करण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल तर संपाला आमची साथ कशी मागता? नाखुशीनं का होईना, मागणी यादीत घ्यावी लागली. पुढं १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. मग ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक तंटे विधेयकाविरुद्ध, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच संपात उतरले. त्याच वर्षी जानेवारीत कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मुंबईतला मोर्चाही बाबासाहेबांनी काढला होता. म्हणजे युती होऊ शकते, पण आधी आपापलं गाऱ्हाणं टेबलावर यावं लागतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. बाबा आढाव हमाल पंचायतीचे नेते होते. १९७२ च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम त्यांनी हाती घेतली. गावात पाण्याचा टँकर येतो, पण दलितांना विहिरीवर जाऊ देत नाहीत, म्हणून गावोगाव जाऊन पाणवठे खुले करण्याचं काम. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याचा आणि गावच्या विहिरीचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण हमाल आले कुठून, तर त्याच दुष्काळी गावांतून.

तुमच्या बाबतीत तर विहीर हाच वादाचा विषय आहे. म्हणून पहिल्या संयुक्त बैठकीत विचारा: नासलेल्या विहिरींत दलित वस्तीच्या पाण्याचा समावेश आहे का? नुकसानभरपाई मागताना फक्त सातबारावाल्यांची यादी आहे की भूमिहीनांचीही? नगरपरिषद टँकर देईल तर तो कुठल्या वस्तीत थांबणार? ही उत्तरं लेखी घ्या. बैठक कुठं भरते, कोण सतरंजीवर आणि कोण दाराशी, चहा एकाच कपबशीतून येतो का, हेही बघा. यातलं काहीही किरकोळ नाही. कामगार घरी जाऊन आधी तेच सांगतात आणि पाठिंबा टिकणार की नाही ते त्यावरच ठरतं.

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. सत्यशोधक माणूस. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी तयार केला: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याच वर्षी मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असा निर्धार केला, त्यामागेही लोखंडे होते. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानंच नकार दिला. केशवपनाविरुद्ध शंभर व्याख्यानांनी झालं नसतं ते त्यानं झालं. तुमच्या सभासदांच्या हातात काय आहे याचा विचार असा करा. वर्गीकरण न केलेला कचरा गाडीत घ्यायचा की नाही, हे रोज सकाळी सात वाजता दारात ठरतं, आणि तिथं तुमचाच माणूस उभा असतो.

---

ओला_सुका

शेवटच्या वाक्यावरून पुढं लिहितो, कारण तांत्रिक बाजू पक्की नसेल तर युती ‘डेपो हटवा’ आणि ‘रोजगार वाचवा’ या दोन घोषणांत फाटते.

डेपो का पेटतो? ओला कचरा प्लास्टिक-कागदाखाली दाबला गेला की हवा मिळत नाही, आत मिथेन तयार होतो, उष्णता साठते, आणि वर जळायला कोरडा माल असतोच. विहिरी का नासतात? त्याच ओल्या कचऱ्यातून काळं पाणी झिरपतं. म्हणजे गावाचं दुखणं आणि तुमच्या सभासदांना होणाऱ्या जखमा, त्वचेचे आजार, धूर या सगळ्याचं मूळ एकच: मिसळलेला कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण बंधनकारक केलं होतं. भरावात टाकायचा तो फक्त ज्याचं दुसरं काहीच होत नाही असा कचरा. संयुक्त मागणी यावर बांधा.

४० टनांतला साधारण निम्मा ओला धरा, म्हणजे रोज २० टन. घनमीटरला अर्धा टन धरला तर ४० घनमीटर. दीड मीटर उंच आणि तळाशी तीन मीटर रुंद असा लांबट ढीग लावला तर एका दिवसाच्या कचऱ्याला सुमारे १८ मीटर लांबी लागते. खत व्हायला पाच-सहा आठवडे. पस्तीस दिवसांचे ढीग, मधल्या वाटा धरून, अंदाजे एक एकर. चाळणी, साठवण, काळ्या पाण्याची टाकी आणि शेड वेगळी. एवढी जागा एकत्र मिळत नसेल तर शहराच्या चार बाजूंना पाच-पाच टनांची चार केंद्रं करा. वाहतुकीचं डिझेलही वाचतं.

हे ढीग आठवड्यातून एकदा तरी उलटावे लागतात. ओलावा निम्म्याच्या किंचित वर हवा. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली की वास येतो, माश्या होतात, आणि मग त्या केंद्राच्या शेजारचे लोक ‘केंद्र हटवा’ म्हणून उभे राहतात. बहुतेक विकेंद्रित केंद्रं यामुळेच बंद पडतात: मिसळलेला कचरा आला, उलटणी चुकली, पावसाळ्यात शेड नव्हती.

ही सगळी कामं माणसांची आहेत. म्हणून मागणी अशी लिहा: नव्या केंद्रांवर आणि जुन्या ढिगाच्या बायोमायनिंगवर (ढीग उकरून, चाळून कचरा वेगळा करण्याच्या कामावर) सध्याच्याच हजेरीपत्रकावरचे कामगार प्रशिक्षण देऊन घ्यावेत. ही ओळ नसली तर बायोमायनिंगचा ठेकेदार यंत्रं आणि बाहेरचे मजूर घेऊन येतो, डेपो साफ होतो, गाव खूश होतं आणि तुमची माणसं घरी बसतात. ग्रामस्थांच्या समितीनं ही ओळ स्वतःच्या निवेदनात घ्यायला नकार दिला, तर पाठिंब्याचं पत्र थांबवा. माझ्या दृष्टीनं खरी कसोटी तीच.

डेपो एका रात्रीत बंद पडला तर काय होतं तेही सभासदांना सांगा. कचरा गल्लीत साठतो, नागरिक मुकादमावर ओरडतात, ठेकेदार ‘फेऱ्या झाल्या नाहीत’ म्हणून हजेरी कापतो. तारखेनिशी टप्प्यांची मागणी आणि ‘आज बंद’ यांत हा फरक आहे.

आणखी एक घटक राहून जातो: डेपोवर भंगार वेचणाऱ्या बायका. त्या तुमच्या सभासद नसतील, पण डेपो हलला की सगळ्यात आधी त्यांची चूल विझते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच पुढं घरोघर कचरा गोळा करणारी स्वच्छ सहकारी संस्था उभी राहिली. सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाचं काम आणि त्या मालावरचा हक्क वेचक महिलांना मिळावा, हे तुमच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर यायला हवं.

---

घंटागाडी_संघटक

मनापासून आभार. संपाचा विषय सोडतो. नाभिकांचं उदाहरण कार्यकारिणीपुढे ठेवणार. आता दोन प्रश्न. ३८० सभासद चार हजेरी कोठ्यांत, दोन पाळ्यांत विखुरलेले आहेत. एकत्र सभा होत नाही, झाली तर साठ-सत्तर येतात आणि तेच तेच बोलतात. निर्णय सगळ्यांचा कसा होईल? आणि कृती समितीशी लेखी काय करून घ्यावं?

---

जुनी_चाळ

निर्णयाबद्दल. एका मोठ्या सभेऐवजी कोठीवार आणि पाळीवार बैठका घ्या: चार कोठ्या, दोन पाळ्या, आठ बैठका. हजेरी लागण्याआधी नको, माणूस घाईत असतो. पाळी सुटल्यावर वीस मिनिटं. प्रत्येक बैठकीत तोच एक पानाचा मसुदा वाचून दाखवा आणि ज्यांना शंका आहे त्यांना आधी बोलू द्या. मतदान चिठ्ठीनं, कारण मुकादम समोर असला की हात वर होत नाहीत. महिलांची बैठक शक्य तिथं वेगळी घ्या. दुपारनंतर त्यांना थांबणं जमत नाही, ती वेळ विचारूनच ठरवा. आठही ठिकाणची मोजणी त्याच बैठकीत फळ्यावर लिहा आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव. तुमच्या घटनेत गणसंख्या किती ते बघून सभा लावा, नाहीतर ठराव नंतर कोणीही पाडतो.

साठ टक्क्यांच्या आत पाठिंबा आला तर माझ्या मते थांबावं. कायद्याची तशी अट नाही. पण ज्या युनियनमध्ये निम्मे लोक मनानं विरुद्ध आहेत ती पहिल्या अटकेला कोलमडते.

बाहेरचं एक उदाहरण इथं चपखल बसतं. १९७१ मध्ये सिडनीत केलीज बुश नावाचा झाडीचा तुकडा वाचवायला तिथल्या महिला बांधकाम कामगारांच्या युनियनकडे गेल्या. युनियननं लगेच हो म्हटलं नाही. आधी तुमच्या वस्तीची जाहीर सभा घ्या आणि सभेनं आम्हाला विनंती करावी, अशी अट घातली. सभा भरली, विनंती झाली, मग कामगारांनी तिथं काम करायला नकार दिला. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसहून जास्त बंद्या घातल्या गेल्या. या अटीमुळे युनियन कुणा चार पुढाऱ्यांच्या नव्हे, वस्तीच्या बाजूनं उभी आहे हे दाखवता येत होतं. आणि मोडलं कुठं? १९७४-७५ मध्ये युनियनच्याच केंद्रीय नेतृत्वानं ती राज्य शाखा ताब्यात घेतली. तुम्ही एखाद्या महासंघाला जोडलेले असाल तर त्यांना आधीच लेखी कळवा.

ग्रामसभेचा ठराव मागा. कृती समितीचं लेटरहेड पुरेसं नाही. ग्रामसभेत भूमिहीनांनाही मत असतं.

---

दुसरी_पाळी

लेखी कराराचा मसुदा, जमेल तितका छोटा ठेवा:

१. रास्ता रोको किंवा गाड्या अडवण्याचा कार्यक्रम असेल तर युनियनला ७२ तास आधी कळवायचं. चालक आणि बिगारी यांना हात लावायचा नाही, गाडीची चावी काढून घ्यायची नाही, कचरा त्यांच्याकडून रस्त्यावर ओतवून घ्यायचा नाही.

२. दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोन ठरलेले, आंदोलनाच्या दिवशी चारही जण डेपोच्या फाटकावर हजर.

३. प्रशासनाशी बोलणी दोघांच्या प्रतिनिधींसमोर. एकट्यानं केलेली तडजोड दुसऱ्याला बंधनकारक नाही.

४. ‘ओला_सुका’ यांनी सांगितलेली रोजगाराची ओळ आणि ‘जुनी_चाळ’ यांचे पाण्याचे तीन प्रश्न, दोन्ही संयुक्त निवेदनात.

५. निवडणुकीत समितीतला कोणी उमेदवार झाला तर त्यानं समितीचं पद सोडायचं. युनियनचा फलक प्रचारात वापरायचा नाही.

पाचवं कलम सगळ्यांना आगाऊपणाचं वाटतं, पण नगरपरिषदेच्या निवडणुका लागल्या की वाद पहिला त्यावरूनच होतो.

गाडी अडवली गेलीच तर चालकानं काय करायचं ते आधी शिकवा: इंजिन बंद, काचा वर, खाली उतरायचं नाही, वाद घालायचा नाही, ठरलेल्या नंबरला फोन, वेळ आणि गाडी क्रमांक वहीत. ती फेरी ‘अडवल्यामुळे अपूर्ण’ अशी नोंद मुकादमाकडून त्याच दिवशी सहीनिशी घ्या. दुसऱ्या दिवशी मुकादम सही देत नाही आणि हजेरी गेलेली असते.